बाबूराव काकांनी देवराई स्वच्छ केली

बस, ऐक. मध्ये एक शब्द बोलू नकोस. पोहे थंड झाले तर होऊ दे, दुसरे मागवू, पण आधी ऐक.

आपली मंजिरी माहीत आहे ना? सांवेर रोडवरच्या पॅकिंगच्या फॅक्टरीत डिस्पॅच सांभाळते ती. स्नेहलतागंजात गच्चीवर उभी राहून फोनवर इतकी जोरात बोलते की खालच्या दुकानवाल्यालाही सगळं कळतं, तीच. तिने यंदा दिवाळीनंतर कॉलनीतल्या आपल्या मराठी लोकांना कोकणात नेलं होतं. फोटो सगळ्यांनी बघितलेत. पण तिथे काय झालं, ते जे गेले त्यांच्याशिवाय कुणालाच पूरं माहीत नाहीये, मला मंजिरीनेच सांगितलं.

तर झालं असं की मागच्या वर्षी ती एकटीच गेली होती. देवगडच्या बाजूला, खाडीच्या काठावर एक गाव आहे. नाव नाही सांगणार, का ते तुला कळेलच. तिथे दिवाकर दादा म्हणून एक जण आहेत, घराच्याच दोन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांची बायको शैलजा वहिनी. मंजिरी चार दिवसांसाठी गेली आणि पागल होऊन परत आली. मतलब खरंच पागल. फॅक्टरीत बसून खोक्यांचे साइज टाइप करायची आणि डोळ्यांसमोर समुद्र. तिने ठरवूनच टाकलं की आता आपण लोकांना तिथे न्यायचं, आपलं स्वतःचं काम उभं करायचं. आपल्या इंदूरच्या मराठी लोकांनी कोकण बघितलंय कुठे? यांच्यासाठी कोकण म्हणजे आंब्याच्या पेटीवर छापलेलं नाव, बस.

आणि तिला सगळ्यात जास्त काय दाखवायचं होतं? देवराई. देवाचं रान गं. गावाच्या मागे आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या कुणी कुऱ्हाड लावली नाही. वहिनींनी तिला एकटीला नेऊन दाखवली होती. पण बाहेरच्या माणसांचा ग्रुप तिथे कधीच गेला नव्हता. मंजिरीने विचारलं तेव्हा गावाची बैठक बसली, निम्मे लोक नाही म्हणाले. तेव्हा दिवाकर दादा उभे राहिले आणि म्हणाले, "इंदूरची माणसं आहेत, माझ्या घरात उतरणार आहेत. काही कमी-जास्त झालं तर मला विचारा." गावाने एकच अट घातली. तिथून काही बाहेर न्यायचं नाही. फांदी नाही, दगड नाही, गळालेलं पानसुद्धा नाही. मंजिरीने फोनवर शब्द दिला. गच्चीवरूनच दिला, खालच्या दुकानवाल्याने ऐकला असेल.

तर निघाली वरात. पुण्यापर्यंत ट्रेन, पुढे टेम्पो ट्रॅव्हलर. ग्रुपमध्ये बाबूराव काका आणि सुलोचना काकू, रेल्वेतून रिटायर झालेले ते, आपल्या गल्लीत सकाळी कचरागाडीच्या आधी काकाच शिट्टी वाजवतात, ते. बरोबर काय घेतलं असेल? अर्धी बॅग शेव! काकू म्हणे, "तिकडे मिळेल न मिळेल." आणि काकांनी हातात उन्हाची छत्री आणि खिशात पिशव्या घेतल्या. हिरवी ओल्यासाठी, निळी सुक्यासाठी. कसम से. फिरायला निघालेला माणूस, आणि कचऱ्याच्या पिशव्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या.

घाट उतरून वळणावर पहिल्यांदा समुद्र दिसला ना, तर गाडीत एकदम शांतता. आपले इंदोरी लोक आणि शांतता, विचार कर! मग काकू हळूच म्हणाल्या, "अगं, हा संपतच नाहीये." बस, एवढंच. मंजिरीला वाटलं, झालं, माझं काम झालं, आता परत गेलो तरी चालेल.

पण खरी मजा तर पुढे होती. किनाऱ्यावर रापण ओढत होते. लांबच लांब जाळं होडीने समुद्रात टाकतात, अर्ध्या चंद्रासारखं, आणि मग सगळं गाव दोन्ही टोकांना उभं राहून दोर ओढतं. म्हातारे, बायका, पोरं, सगळे. आणि जो दोराला हात लावेल त्याला वाटा, हा तिथला नियम. आपले लोक कशाला मागे राहतात! काकांनी पँट वर दुमडली, "चलो भिया, जोर लगाओ," आणि भिडले. पाय वाळूत रुततायत, दोर हाताला काचतोय, तिकडचे लोक हसतायत, हे हसतायत. जाळं किनाऱ्याला आलं तेव्हा त्यात नुसती चांदी उसळत होती. आणि सगळ्यांबरोबर काकूंच्या पदरात पण वाटा पडला. काकू, ज्यांनी आयुष्यात अंड्याला हात लावला नाही! त्या हातात मासे धरून उभ्या, ना टाकता येतायत ना ठेवता येतायत. शेवटी म्हणाल्या, "अहो, हे जिवंत आहेत, यांना परत घाला ना." सगळा किनारा हसून लोटपोट.

तिथेच काकांनी पहिल्यांदा पिशव्या काढल्या. वाळूत बाटल्या होत्या, चपलांचे तुकडे, थर्माकोल. काका वाकून वाकून वेचत सुटले. दिवाकर दादांनी बघितलं, आणि खरं सांगते, त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "काका, पाहुणे येतात ते टाकून जातात. उचलणारा पाहुणा मी पहिल्यांदा बघतोय." काकांची छाती अशी फुगली! "अपना तो इंदौर है, दादा. आपल्याला सवयच आहे." मंजिरीची पण फुगली. तिने लगेच फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. तुला आलाच असेल तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजिरी चुलीपाशी बसली होती. वहिनी घावणे काढत होत्या. अगं घावणा म्हणजे काय चीज आहे, तांदळाची जाळीदार, अशी पातळ की पलीकडची चूल दिसेल. आणि आपले लोक बाहेर ओट्यावर बसून त्याच्यावर शेव भुरभुरवून खातायत! दिवाकर दादांनी पण भीत भीत खाऊन बघितली आणि म्हणाले, "ही शेव उद्या संपेल का हो?" म्हणजे संपू नये असं.

तर चुलीपाशी वहिनींनी मंजिरीला सांगितलं. देवराईत देवाच्या दगडाजवळ एक मोठं झाड आहे, त्याला बायका नवसाचा पाळणा बांधतात. हातभर पण नाही, छोटासा लाकडाचा, खेळण्यातला असतो तसा. बांधला की मग त्याला परत हात लावायचा नाही. दोरी पावसात कुजते, कधीतरी पाळणा आपोआप खाली येतो, आणि ज्या दिवशी खाली आला त्या दिवशी देवाने ऐकलं असं समजायचं. मग तो तिथेच पडून राहू द्यायचा, मातीत मिसळू द्यायचा. वहिनींनी पण बांधलाय. लग्नाला बरीच वर्षं झाली, अजून मूल नाही. आपल्या लग्नाच्या पिवळ्या साडीचा काठ फाडून त्याने बांधलाय. "सोमवारी दिवो लावूक जातंय तेव्हा लांबसून बघतंय," त्या म्हणाल्या, "जवळ जावन बघूचा धाडस होयत नाय." आणि हसल्या, आणि घावणा उलटला. मंजिरीने चुलीत एक लाकूड पुढे सरकवलं.

मग सगळे देवराईत गेले. काय सांगू तुला! बाहेर कडक ऊन, आणि दोन पावलं आत टाकली की एकदम थंड, हिरवा अंधार. वेली अशा की हत्ती बांधावा. पायाखाली पानांचा थर, घोट्याएवढा, चाललं की गादीवर चालल्यासारखं, वास ओल्या मातीचा. कुठून तरी पाणी वाहतंय, दिसत नाही, फक्त आवाज. मध्ये देव म्हणजे एक शेंदूर लावलेला दगड, ना छत ना भिंत. दिवाकर दादांनी चपला बाहेर काढायला लावल्या, आणि परत एकदा सगळ्यांना सांगितलं, "इथलं काही घेऊन जायचं नाही हां." सगळ्यांनी माना हलवल्या. काकांनी पण हलवली. आपले लोक चक्क हात जोडून, हळू आवाजात बोलत होते. आपल्या राजवाड्यावर सराफ्यात रात्री खायच्या गर्दीत ओरडून बोलतात ना, त्याच्या उलटं. काकू एका झाडाला टेकून नुसत्या उभ्या होत्या, म्हणाल्या, "माहेरी आल्यासारखं वाटतंय गं, आणि माझं माहेर तर देवासचं."

दादा नमस्कार करून घरी गेले, आणि मंजिरी सगळ्यांना झरा दाखवायला पुढे घेऊन गेली. काका म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी बसतो जरा देवापाशी. परत येताना काका वाटेतच भेटले, हातात पिशव्या, दोन्ही भरलेल्या. पण तिला काहीच वाटलं नाही. काकांच्या हातात पिशव्या नसत्या तर वाटलं असतं!

तिथून गाडीने वर सड्यावर. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, नुसता जांभा दगड आणि सोनेरी गवत, आणि कडेला खाली समुद्र. आणि जमिनीवर चित्रं! कोरलेली. हत्ती, त्याच्या पोटात मासे, आणि एक माणूस, एवढा मोठा की आपली टेम्पो ट्रॅव्हलर त्याच्यावर झोपेल. कुणी कोरली, केव्हा कोरली, का कोरली, पक्कं कुणालाच सांगता येत नाही. हजारो वर्षं माणसं त्याच्यावरून गुरं नेत होती. मंजिरी त्या माणसाच्या पायाशी उभी होती आणि तिला वाटत होतं की मी फॅक्टरीत परत जाणारच नाही, मी आयुष्यभर लोकांना इथे आणून उभं करणार.

तेवढ्यात मागून काका. "मंजिरी, इथे कचरागाडी कुठे येते गं? ह्या द्यायच्या होत्या."

"किनाऱ्यावरचं आहे का काका?"

"नाही गं, ते कालच दादांकडे दिलं. हे त्या रानातलं. काय हाल करून ठेवले होते देवाचे! पहिलं तर एक बिस्किटाचं पाकीट दिसलं, म्हटलं उचलू. मग बघतो तर सगळीकडे पाला, कुजकी लाकडं, चिंध्या. देवाच्या समोरचं सगळं झाडून काढलं. आता बघ, लख्ख." आणि पिशव्या उघडून दाखवल्या. "गीला अलग, सूखा अलग."

निळ्या पिशवीत जुन्या कुजक्या पाळण्यांच्या वरच एक छोटासा पाळणा होता. त्याला पिवळ्या साडीचा काठ.

मंजिरी म्हणते, तिला त्या क्षणी समुद्राचा आवाज ऐकू येणंच बंद झालं. तिने कसंबसं विचारलं, "काका, दादांनी सांगितलं होतं ना, काही न्यायचं नाही?"

"अरे, तर नेलं कुठे मी? कचरा उचलला!" काका एकदम गोंधळले. खरंच गोंधळले, तू हसू नकोस. आपल्या माणसाच्या डोक्यात नेणं वेगळं आणि कचरा उचलणं वेगळं. नेणं ही चोरी, उचलणं हे पुण्य. मग मंजिरीने त्यांना पाळण्याचं सांगितलं, तसे ते तिथेच खाली बसले, त्या कोरलेल्या माणसाच्या शेजारी.

"हा खाली पडलेला होता ना काका? बाकीच्यांसारखा?"

काकांनी छत्री बाजूला ठेवली. मग एकदम बारीक आवाजात म्हणाले, "बाकीचे पडलेले होते. हा लोंबत होता गं. मळका, एका चिंधीवर. वाईट दिसत होता. मी छत्रीच्या मुठीने ओढला."

काकू शेजारीच होत्या. त्यांनी लगेच मंजिरीचा हात धरला. "ऐक माझं. परत नेऊन दे, माफी माग, सगळं कर. पण पडलेला होता म्हण. त्या पोरीला बरं वाटेल, गाव खूश राहील, तुझं काम चालू राहील. कुणाचं काय जातं?"

गाडी वळवली. काका दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते, जसं दवाखान्यात कुणाला नेतायत. मंजिरीने मनात शंभर वेळा वाक्य जुळवलं आणि शंभर वेळा मोडलं.

दिवाकर दादांच्या अंगणात उतरले. मंजिरीने सगळं सांगितलं, दोन पिशव्या पुढे ठेवल्या. दादा ऐकत राहिले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मंजिरी म्हणते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "मी बैठकीत उभा राहिलो होतो." आणि गावच्या मानकऱ्यांना बोलावणं धाडलं. मानकरी म्हणजे देवाशी बोलण्याचा मान असलेले एक आजोबा.

आणि तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. त्यांनी पिशवीत बघितलं. पिवळा काठ ओळखला. आणि अगं, त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं असेल? राग नाही. दुःख नाही. त्या एकदम उजळल्या! पाळणा दोन्ही हातांत घेतला आणि थेट मंजिरीकडे बघितलं.

"पडलेलो? पाळणो आपणच पडलेलो ना गो? खंय पडलेलो, झाडाच्या बुडात?"

काका खाली बघतायत. काकू मंजिरीकडे बघतायत, डोळ्यांनीच सांगतायत, हो म्हण, हो म्हण. दिवाकर दादा पण, अगं, दादा पण! दादांच्या डोळ्यांत पण तेच होतं, की हो असू दे. एक शब्द. एका शब्दात वहिनींचं इतक्या वर्षांचं ओझं उतरत होतं, दादांचा मान राहत होता, देवराई उघडी राहत होती. मंजिरीला शब्द पण शोधावा लागणार नव्हता, वहिनींनीच तयार करून हातात दिला होता.

"माका खरा सांग," वहिनी म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, कारण त्यांना खात्रीच होती.

आणि मंजिरी म्हणाली, "नाही वहिनी. लोंबत होता. काकांनी काढला."

बघ, मला सांगताना आता पण काटा येतोय. वहिनींचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, जसं लाइट गेल्यावर पंखा थोडा वेळ फिरतो. मग त्यांनी पाळणा काकांच्या हातात दिला आणि घरात निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

मग मानकरी आजोबा आले, आणि सगळे परत देवराईत. काकांनी आपल्या हाताने एक-एक पान परत पसरलं. विचार कर, स्नेहलतागंजचे बाबूराव काका, देवाच्या समोर गुडघ्यावर बसून कचरा पसरतायत! जुने कुजके पाळणे जागच्या जागी ठेवले. पिवळ्या काठाचा मात्र आजोबांनी त्यांना परत झाडाला बांधायला लावला. काकांना गाठ दोनदा सोडून परत बांधावी लागली. मग आजोबांनी गाऱ्हाणं घातलं. अगं, ते ऐकायला पाहिजे होतंस तू. खणखणीत आवाज, देवाला असं सांगत होते जसं शेजाऱ्याला सांगतायत, की तुझं ते तुला परत आणलंय, चुकलं ते पोटात घाल.

"बा देवा म्हाराजा! ही इंदूरची माणसां तुझ्या पायाकडे इली. तुझा घर झाडूक गेली. तेंका म्हायत नाय, तुझ्या घरात झाडूक काय नसता. जा तुझा ता तुझ्याकडे परत हाडल्यानी. काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, आणि तेंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

आणि दर वाक्याला मागून सगळं गाव, "व्हय म्हाराजा!" झाडातून तो आवाज असा घुमला की पक्षी उडाले. आणि तिसऱ्यांदा आपल्या लोकांचा पण आवाज त्यात होता. काकांचा सगळ्यात मोठा.

मंजिरी म्हणते, तिने आयुष्यात इतकी सुंदर माफी बघितली नाही. कुणी कुणाला खाली बघायला लावलं नाही. गावच्या बायकांनी काकूंना कोकमं दिली, पिशवी भरून. रापणवाल्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. पण आजोबांनी निघताना मंजिरीला बाजूला घेऊन सांगितलं की पोरी, तू ये, कधी पण ये, एकटी ये. देवराईत आता ग्रुप नको. दादांनी मान हलवली. वहिनी गाडीपाशी आल्या, सगळ्यांना निरोप दिला, काकांना वाकून नमस्कार पण केला. मंजिरीशी मात्र एक शब्द बोलल्या नाहीत.

आता इंदूरला आल्यापासून ट्रिपवाल्यांच्या घरोघरी दोन पार्ट्या झाल्यायत. काकू तर मंजिरीला सोडतच नाहीत, भाजी घेताना पण म्हणतात, "बोल देती तो क्या बिगड़ जाता? एका बाईला आनंदाने झोप लागली असती." काका म्हणतात, "नाही, ती पोर बरोबर बोलली, मी असतो तर माझी हिंमत झाली नसती." आणि मंजिरी, जी गच्चीवरून सगळ्या गल्लीला ऐकवायची, ती आजकाल फोन घेऊन खोलीत जाते, वहिनींचा नंबर काढते आणि लावत नाही. पुढच्या ट्रिपसाठी लोक मागे लागलेत, तिला उत्तर देता येत नाहीये.

मला पण येत नाहीये, म्हणून तर तुला धरून बसवलंय. खा आता पोहे. आणि खाऊन झालं की खरं खरं सांग. अंगणात उभी आहेस, वहिनी पाळणा घेऊन तुझ्याकडे बघून हसतायत आणि विचारतायत की आपणच पडला ना. तू काय म्हटलं असतंस?